हिवाळ्यांतील हिशेब

मैदान ओस पडलें म्हणजे खेळ संपला, अशी सामान्य प्रेक्षकाची समजूत असते. अमेरिकेंतील बेसबॉलच्या बाबतींत ती खरी नव्हे. तेथें वसंताच्या आरंभापासून सप्टेंबरअखेरपर्यंत प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो. ऑक्टोबरांत निवडक संघांच्या अखेरच्या झुंजी होतात. आणि मग थंडी पडूं लागली कीं दुसराच एक खेळ सुरू होतो. ह्या खेळांत चेंडू नसतो, दांडका नसतो, प्रेक्षकही नसतात. बंद दारांमागें, दूरध्वनीवर, माणसांची देवघेव चालते. कोण जाणार, कोण येणार, कोणाला किती वर्षांचा करार मिळणार, ह्याचा निर्णय तेथें होतो. उन्हाळ्यांत जें यश डोळ्यांना दिसतें, त्याचें बीं पुष्कळदां ह्या हिवाळ्यांतच पेरलेलें असतें. २००८ सालीं मुंबईंत क्रिकेटपटूंचा पहिला मोठा लिलाव झाला, तेव्हांपासून ही कल्पना मराठी घरांनाही परिचयाची झाली आहे. अमेरिकेंत मात्र खेळाडूंची खरेदीविक्री शंभर वर्षांहून जुनी आहे. आणि तिच्या इतिहासांत ओकलंड शहराच्या ‘ॲथलेटिक्स’ संघानें २००१–०२ चा हिवाळा कसा काढला, ही हकीगत विशेष मननीय आहे.

ती समजण्यासाठीं त्या खेळाचें एक अंग ध्यानांत घेतलें पाहिजे. बेसबॉलच्या मैदानांत एका चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर चार ठाणीं असतात. फलंदाज घरच्या ठाण्यावर उभा राहतो. चेंडू टोलवून, पहिल्या, दुसऱ्या व तिसऱ्या ठाण्यावरून फिरून तो घरीं परतला कीं एक धांव होते. तीन गडी बाद झाले कीं डाव संपतो, आणि प्रत्येक संघाला असे नऊ डाव मिळतात. म्हणजे सामन्याच्या आरंभीं प्रत्येक संघाच्या थैलींत जणूं सत्तावीस नाणीं असतात. एकेक गडी बाद झाला कीं एकेक नाणें खर्ची पडतें, आणि थैली रिकामी झाली कीं सारेंच संपतें. आतां, गोलंदाजानें मर्यादेबाहेर टाकलेल्या चेंडूंना न भुलतां फलंदाज स्वस्थ उभा राहिला, आणि असे चार चेंडू झाले, तर त्याला कांहींही न टोलवतां पहिलें ठाणें मिळतें. मोह आवरणाऱ्याला मिळणारें हें बक्षीस होय. परंतु नवल असें कीं, फलंदाजाची सरासरी काढण्याच्या जुन्या रीतींत ह्या संयमाला एकही गुण नव्हता. टोला मारून ठाणें गांठणारा तेवढा हुशार. न मारतां तेंच ठाणें गांठणाऱ्याची गणनाच नाहीं! ह्या एका उणिवेंतून पुढची सारी कथा निघाली.

२००१ च्या हंगामांत ओकलंडच्या संघानें १०२ सामने जिंकले. त्याच विभागांतील सिएटलच्या संघानें ११६ जिंकल्यामुळें त्याला दुसऱ्या स्थानावर समाधान मानावें लागलें, तरी अखेरच्या फेऱ्यांत त्याला प्रवेश मिळाला. पांच सामन्यांच्या पहिल्या फेरींत गांठ पडली ती न्यूयॉर्कच्या ‘यांकीज’शीं, म्हणजे त्या खेळांतील सर्वांत धनाढ्य घराण्याशीं. ओकलंडनें प्रथमचे दोन सामने न्यूयॉर्कमध्यें जाऊन जिंकले. तिसरा सामना घरच्या मैदानावर होता. त्यांत ओकलंडचा एक गडी बरोबरीची धांव पुरी करण्यासाठीं घराकडे धांवत असतां, न्यूयॉर्कचा डेरेक जीटर आपली नेहमींची जागा सोडून मैदान ओलांडून आला. वाट चुकलेला चेंडू त्यानें उचलला, हातानेंच बाजूला ढकलला आणि धांवणारा बाद झाला. सामना १–० असा गेला. पुढले दोनही गेले. हातीं आलेली मालिका अशा रीतीनें निसटली.

पराभवाचें दुःख ओसरतें न ओसरतें तोंच दुसरें संकट उभें राहिलें. १९७५ सालच्या एका लवादाच्या निवाड्यापासून अमेरिकन बेसबॉलपटूला, ठराविक वर्षें सेवा झाल्यावर व करार संपल्यावर, मन मानेल त्या संघाकडे जाण्याचें स्वातंत्र्य मिळालें आहे. २००१ च्या अखेरीस ओकलंडच्या तीन प्रमुख गड्यांचे करार एकदमच संपले. जेसन जिआंबी हा पहिल्या ठाण्याचा रक्षक आणि संघाचा सर्वांत मोठा फलंदाज; आदल्याच वर्षीं त्याला त्याच्या लीगमधील सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळाला होता. त्याला यांकीजनींच सात वर्षांसाठीं बारा कोटी डॉलर देऊन नेलें. जॉनी डेमन हा चपळ क्षेत्ररक्षक चार वर्षांच्या ३ कोटी १० लाखांच्या करारावर बोस्टनला गेला. अखेरच्या डावांत येऊन सामना राखणारा गोलंदाज जेसन इझ्रिंगहाउझन हा सेंट लुईसकडे गेला. त्याचा करार चार वर्षांचा, २ कोटी ७० लाखांचा. ओकलंडच्या साऱ्या संघाचें वार्षिक वेतन २००२ सालीं सुमारें चार कोटी डॉलर होतें. यांकीजचें साडेबारा कोटींच्या आसपास. एकट्या जिआंबीच्या कराराची वार्षिक सरासरी ओकलंडच्या सगळ्या पंचवीस गड्यांच्या वेतनाच्या दोन पंचमांशांहून अधिक भरत होती. अशा स्थितींत त्याला थोपविणें शक्यच नव्हतें.

ओकलंडच्या चाहत्यांना ह्या बातम्यांनीं भय वाटलें तर त्यांत आश्चर्य नाहीं. कारण ह्याच संघाच्या पूर्वेतिहासांत अशा फाटाफुटीचा एक दारुण दाखला नमूद आहे. हा संघ मूळचा फिलाडेल्फियाचा. तेथें कॉनी मॅक ह्या प्रख्यात सूत्रचालकाच्या हाताखालीं १९१४ सालीं त्यानें ९९ सामने जिंकले, परंतु अंतिम मालिका गमावली. पैशाची ओढाताण आणि प्रतिस्पर्धी लीगनें देऊं केलेलीं मोठीं वेतनें ह्यांमुळें मॅकचा तो बलाढ्य संघ मोडला. उत्तमोत्तम गडी विकले तरी गेले, नाहीं तर सुटून गेले. पुढच्या वर्षीं विजय झाले अवघे ४३. त्याच्या पुढच्या वर्षीं ३६. १९१५ पासून १९२१ पर्यंत सतत सात वर्षें हा संघ आपल्या लीगच्या तळाशीं राहिला. माणसें गेलीं कीं संघ बुडतो, हें सिद्ध करण्यास ह्याहून वेगळा पुरावा कशाला हवा?

आणि तरीही २००१ च्या हिवाळ्यांत ओकलंडच्या कचेरींत हातपाय गाळलेले दिसत नव्हते. त्याचें कारण तेथील व्यवस्थापक बिली बीन ह्याच्या पूर्वायुष्यांत शोधावें लागतें. हा बीन स्वतः एके काळीं पाहणाऱ्यांच्या डोळ्यांत भरलेला मुलगा होता. उंच, बळकट, देखणा, धांवण्यांत चपळ! कॅलिफोर्नियांतील शाळेंत असतांना त्याला पाहून पारखी लोक मोहून गेले, आणि १९८० सालीं न्यूयॉर्कच्या ‘मेट्स’ संघानें त्याला पहिल्याच फेरींत निवडलें. परंतु तीं सारीं भाकितें फोल ठरलीं. चार संघांतून मिळून त्याच्या वाट्याला दीडशेहूनही कमी सामने आले आणि त्याची सरासरी .२१९ च्या वर गेली नाहीं. १९९० सालीं त्यानें खेळ सोडून, इतर खेळाडूंची पारख करणाऱ्याची नोकरी मागितली. दिसण्यावरून माणसाची योग्यता ठरविण्यांत केवढी चूक होऊं शकते, ह्याचा पुरावा शोधण्यास त्याला दूर जावयाचें नव्हतें. तो पुरावा तो स्वतःच होता.

त्याच्या आधींचा व्यवस्थापक सँडी ऑल्डरसन हा वकिली शिकलेला गृहस्थ. जुन्या समजुतींपेक्षां आंकड्यांवर त्याचा विश्वास अधिक होता. हे आंकडे हुडकण्याचा नाद ज्यानें लोकांना लावला तो बिल जेम्स तर कॅन्सस संस्थानांतील एका डबाबंद खाद्यांच्या कारखान्याचा रात्रीचा पहारेकरी होता. पहारा देतां देतां तो सामन्यांचे तक्ते अभ्यासी. आणि १९७७ सालीं त्यानें स्वतःच्या खर्चानें पहिली पुस्तिका काढली. तिचे ग्राहक मूठभर होते, आणि संघांच्या कचेऱ्यांतून तिची कोणी दखल घेतली नाहीं. वीस वर्षांनंतर बीनच्या टेबलाशीं हार्वर्ड विद्यापीठांत अर्थशास्त्र शिकलेला पॉल डीपोडेस्टा हा तरुण साहाय्यक बसूं लागला, तेव्हां त्या पहारेकऱ्याच्या विचाराला प्रथमच कारभाराची गादी मिळाली.

त्या विचाराचें सार थोडक्यांत सांगतां येईल. सत्तावीस नाणीं हीच जर संघाची सारी दौलत, तर तीं न दवडणारा फलंदाज तो खरा मोलाचा. म्हणून शंभर वेळां दांडका घेऊन उभा राहिल्यावर तो किती वेळां ठाण्यावर पोंचतो, मग टोल्यानें पोंचो कीं संयमानें पोंचो, हें पाहावें. ह्या कसोटीवर २००१ सालीं जिआंबी शंभरांत सुमारें अठ्ठेचाळीस वेळां पोंचला होता. तो खरोखरच अजोड होता. परंतु ज्याच्या जाण्यानें शहर हळहळलें तो डेमन त्या वर्षीं शंभरांत बत्तिसांवरच थांबला होता. लोकांच्या शोकाचें माप आणि संघाच्या तोट्याचें माप एक नव्हतें. दुसरा जिआंबी तर ओकलंडला मिळणारच नव्हता. तेव्हां बीन व डीपोडेस्टा ह्यांनीं प्रश्नच बदलला. ‘कोण गेला?’ असें न विचारतां ‘काय गेलें?’ असें त्यांनीं विचारलें. आणि जें गेलें तें एका माणसाकडून न मिळाल्यास दोघातिघांकडून थोडें थोडें जमवितां येईल काय, ह्याचा शोध चालविला.

बाजारांत त्यांना जे मिळाले त्यांच्याकडे इतरांनीं पाठ फिरविली होती. डेव्हिड जस्टिस हा एके काळचा गाजलेला फलंदाज. पण वय छत्तिशीला टेकलेलें आणि शरीर दुखण्यांनीं जर्जर. डिसेंबरांत यांकीजनीं त्याला मेट्सकडे दिलें, आणि मेट्सनीं थोड्याच दिवसांत ओकलंडला. त्याचे फटके पूर्वींचे राहिले नव्हते, परंतु वाईट चेंडूला हात न लावण्याची त्याची शिस्त अद्याप शाबूत होती. सामना राखण्यासाठीं टोरांटोहून बिली कॉच हा वेगवान गोलंदाज आणला. त्याच्या बदल्यांत जे दोघे दिले, त्यांतला एरिक हिन्स्की हा पुढें २००२ चा, त्या लीगमधील, सर्वोत्तम नवोदित ठरला. सौद्यांत सारेंच आपल्या बाजूला येत नाहीं. ओकलंडच्या कचेरीचें यश सांगतांना ही बाजूही सांगितली पाहिजे.

ह्या सर्वांत हृदयस्पर्शी कथा स्कॉट हॅटेबर्ग ह्याची. बोस्टनच्या संघांत तो घरच्या ठाण्यामागें बसून चेंडू झेलणारा रक्षक होता. कोपराच्या शिरेला दुखापत झाली, शस्त्रक्रिया झाली, आणि हातांतला जोर गेला. ज्याला चेंडू फेंकतां येत नाहीं असा रक्षक कोणाच्या कामाचा? बोस्टननें त्याला कोलोरॅडोकडे दिलें. कोलोरॅडोनें कराराचा देकार न देतांच त्याला मोकळें केलें. बत्तिसाव्या वर्षीं आपला खेळ संपला, असेंच त्याला वाटत असलें पाहिजे. तोंच ओकलंडहून विचारणा आली. त्याला तेथें पाहिजे होतें तें ठाणेंच वेगळें! जिआंबीनें मोकळें केलेलें पहिलें ठाणें त्यानें राखावें, अशी त्यांची इच्छा होती. आणि त्या जागीं तर तो जन्मांत खेळला नव्हता. परंतु दांडका हातीं असतांना तो सहसा फसत नसे, एवढें त्या दोघांना पुरेसें होतें. त्या हिवाळ्यांत हॅटेबर्गच्या पत्नीनें चेंडू टोलवावे आणि त्यानें ते अडवावे, असा घरगुती अभ्यास चालला. वसंतांत रॉन वॉशिंग्टन ह्या शिक्षकानें त्याला हाताशीं धरलें आणि धीर देऊन, चुका पोटांत घालून, नवें काम शिकविलें. त्याचें वर्षाचें वेतन दहा लाख डॉलरांनाही पोंचत नव्हतें.

हंगामापूर्वीं संघाचें भवितव्य वर्तविणारे पुष्कळ असतात. त्यांतले बहुतेक गेलेल्या नांवांची यादी करून मान हालवितात. डीपोडेस्टाचें भाकित निराळ्या जातीचें होतें. अखेरच्या फेऱ्या गांठण्यास सुमारें ९५ विजय लागतात. तेवढे विजय मिळण्यास दिलेल्या धांवांपेक्षां सुमारें १३५ धांवा अधिक काढाव्या लागतात. हा संघ ८०० ते ८२० धांवा काढील आणि ६५० ते ६७० देईल, असें त्याचें गणित होतें. ह्या गणिताचा अर्धा भार अर्थात् जे गेले नव्हते त्यांच्यावर होता. टिम हडसन, मार्क मल्डर आणि बॅरी झीटो हे तीन तरुण गोलंदाज, तसेच मिगेल तेहाडा व एरिक चावेझ हे दोन खंदे गडी अद्याप ओकलंडमध्येंच होते. त्यांचे करार जुने व म्हणून स्वस्त होते. हिशेबाची कीर्ति गातांना कित्येक लेखक ह्या पांचांना विसरतात. तें न्यायाचें नाहीं.

हंगाम सुरू झाला आणि गणित खोटें पडणार असें दिसूं लागलें. मे महिन्याच्या उत्तरार्धांत विजयांपेक्षां पराभव अधिक होते. सूत्रचालक आर्ट हाउ आणि व्यवस्थापक ह्यांचे मतभेद होतेच. बीननें भराभर आणखी अदलाबदल केली. उन्हाळा चढत गेला तसा संघ सांवरला. आणि १३ ऑगस्टपासून त्यानें हार म्हणून पाहिली नाहीं. एकोणीस सामने ओळीनें जिंकल्यावर ४ सप्टेंबर २००२ रोजीं पंचावन्न हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर कॅन्सस सिटीशीं गांठ पडली. तिसऱ्या डावाअखेर ओकलंड ११–० असें पुढें होतें. विजय गृहीत धरून लोक निर्धास्त झाले असतील. पण प्रतिपक्षानें नवव्या डावांत ११–११ अशी बरोबरी साधली. मग अखेरच्या अर्ध्या डावांत बदली फलंदाज म्हणून जो उठला तो हॅटेबर्ग. त्या दिवशीं त्याला मूळ संघांत जागाच नव्हती. त्यानें मारलेला चेंडू कुंपणापलीकडे गेला आणि ओकलंडचा ओळीनें विसावा विजय झाला. अमेरिकन लीगमध्यें तोंपर्यंत कोणालाही असें साधलें नव्हतें; २०१७ सालीं क्लीव्हलंडनें ओळीनें बावीस सामने जिंकून तो विक्रम मोडला.

वर्षाअखेर ओकलंडचे विजय झाले १०३, म्हणजे आदल्या वर्षांपेक्षां एक अधिक. काढलेल्या धांवा ८००, दिलेल्या ६५४. डीपोडेस्टानें हिवाळ्यांत आंखलेल्या मर्यादेंत दोन्ही बसल्या. झीटोला सर्वोत्तम गोलंदाजाचा आणि तेहाडाला सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळाला. हॅटेबर्ग शंभरांत सदतीस वेळां ठाण्यावर पोंचला. तिकडे जिआंबीला घेऊन यांकीजनींही १०३ च सामने जिंकले. तिप्पट वेतन आणि तेवढेच विजय!

येथेंच कथा संपविली तर ती गोड होईल, परंतु पुरी होणार नाहीं. ऑक्टोबरांत ओकलंडचा संघ पहिल्याच फेरींत मिनेसोटाकडून तीनास दोन असा हरला. यांकीजही पहिल्याच फेरींत गारद झाले. १६२ सामन्यांत दैव आणि प्रयत्न ह्यांचा हिशेब बराचसा जुळतो. पांच सामन्यांत एखादा वाकडा चेंडूही सहा महिन्यांचें काम पुसून टाकूं शकतो. हंगामाचें भाकित करणाऱ्यानें ही मर्यादा ओळखून बोलावें हें बरें. शिवाय, शहाणपणाचें कुंपण फार दिवस टिकत नाहीं. २००२ च्या अखेरीस बोस्टननें बीनलाच मोठ्या वेतनाचें आमंत्रण दिलें. त्यानें आधीं होकार दिला आणि मग ओकलंडमध्येंच राहण्याचें ठरविलें. परंतु बोस्टननें त्या जुन्या पहारेकऱ्याला, बिल जेम्सला, सल्लागार म्हणून नेमलें. आणि २००४ सालीं, १९१८ नंतर प्रथमच, अजिंक्यपद मिळविलें. गरिबाची युक्ति श्रीमंताच्या हातीं पडली कीं गरिबाला पुन्हां नवी युक्ति शोधावी लागते. मायकेल लुइस ह्या लेखकानें २००३ सालीं ह्या संघावर ग्रंथ लिहिला, २०११ सालीं त्यावर चित्रपटही निघाला. ओकलंडची कीर्ति जगभर झाली, पण तिजोरी भरली नाहीं. अखेर सत्तावन्न हंगामांनंतर, २६ सप्टेंबर २०२४ रोजीं, ह्या संघानें ओकलंडमधील आपला अखेरचा सामना खेळला. तो त्यानें ३–२ असा जिंकला आणि शहर सोडलें. आंकडे माणसाची किंमत सांगूं शकतात. मैदानाशीं जडलेल्या जिव्हाळ्याची किंमत कोणत्या रकान्यांत मांडावी, हें त्यांना अद्याप सांगतां आलेलें नाहीं.

तरीही २००१ च्या त्या हिवाळ्याचें मोल कमी होत नाहीं. जें गेलें त्याचा शोक करणें स्वाभाविक आहे. परंतु नक्की काय गेलें हें शांतपणें मोजणें हें शोकाहून अधिक उपयोगाचें असतें. आणि मोजूं गेल्यावर पुष्कळदां असें आढळतें कीं, जगानें निरुपयोगी म्हणून बाजूला सारलेल्या माणसांत आपल्याला हवें तें शिल्लक आहे. चेंडू फेंकतां येत नाहीं म्हणून दोन संघांनीं सोडलेला हॅटेबर्ग पुढें आणखी सहा वर्षें ह्या खेळाच्या सर्वोच्च पायरीवर टिकला. त्याला काय येत नाहीं, ह्याची यादी सर्वांच्या जवळ होती. त्याला काय येतें, एवढेंच विचारणारे लोक एका गरीब संघाच्या कचेरींत बसले होते.